आईची ढास

आमचे घर शोधत येणाऱ्या पाहुण्याला मी कधी घराचा क्रमांक सांगत नसे. "गल्लीत शिरा आणि क्षणभर उभे राहा. खोकला ऐकू येईल त्या दारात या," एवढे सांगितले की काम भागे. पाहुणा हसे, मीही हसे. आतल्या खोलीत आई ते ऐकून हसत असे की नाही, हे मात्र मी कधी उठून पाहिले नाही. आज लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा आठवले ते हेच, आणि आठवून बरे वाटले नाही.

आई अडुसष्ट वर्षांची आहे, तिचा खोकला सहा वर्षांचा. एका हिवाळ्यात सर्दीच्या सोबतीने तो घरात आला. सर्दी चार दिवसांनी गेली, सोबती मात्र राहिला. पुढे घड्याळाच्या टिकटिकीसारखी आम्हाला त्याची सवय झाली. टिकटिक ऐकू येईनाशी होते, तसा तोही आम्हाला ऐकू येईनासा झाला.

मराठीचा अध्यापक असल्यामुळे मी त्या खोकल्याकडे आधी शब्द म्हणून पाहिले. ठसका वेगळा, उबळ वेगळी आणि ढास वेगळी. फोडणीचा खकाणा नाकात गेला की लागतो तो ठसका. तो घटकाभराचा पाहुणा. छातीतून एकदम उसळून येते ती उबळ. आणि कफ नाही, ताप नाही, पण घशात कुणी पीस फिरवावे तशी खवखव सुटून जी थांबता थांबत नाही, ती ढास. आईला ढास होती. वर्गात हा फरक मी मुलांना रंगवून सांगत असे. नेमका शब्द सापडला म्हणजे दुखणे कळले, असा एक गोड गैरसमज आम्हा भाषेच्या माणसांना असतो.

घरगुती उपाय झाले. ज्येष्ठमध झाले, सुंठ झाली, हळदीचे दूध झाले, लवंग दाढेखाली धरून झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला अडुळशाची काय वाण? तो काढाही झाला. अडुळसा ही साधी वनस्पती नव्हे. तिच्यातल्या व्हॅसिसिन नावाच्या द्रव्यावरून विसाव्या शतकात युरोपात ब्रोमहेक्सिन हे औषध घडवले गेले आणि त्याच्यातूनच पुढे अँब्रॉक्सॉल निघाले. दुकानातल्या कितीतरी बाटल्यांवर ही दोन नावे दिसतात. म्हणजे आपल्या आजीचा काढाच परदेशी कोट घालून परत आला म्हणायचा! परंतु या औषधांचे काम घट्ट कफ पातळ करण्याचे. जिथे कफच नाही तिथे ती बिचारी काय करणार? चरकाने कासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांत कोरड्या खोकल्याचा, वातज कासाचा, वर्ग वेगळा ठेवला आहे. कोरडा खोकला ही निराळी जात आहे, हे त्याला ठाऊक होते. आम्हाला ठाऊक असूनही आम्ही बाटल्यांमागून बाटल्या आणत राहिलो.

मग तपासण्या. पंधरा दिवसांवर गेलेला खोकला म्हटला की आपल्याकडे पहिली शंका क्षयाची, आणि ती असलीच पाहिजे. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. दोन्ही निर्मळ! त्या संध्याकाळी घरी शिरा केला होता, हे मला आठवते. क्षय नाही या आनंदात आम्ही इतके बुडालो, की खोकला आहे हे विसरूनच गेलो. 'काही निघाले नाही' या तीन शब्दांनी आमची काळजी मिटली. आईचा खोकला होता तिथेच होता.

त्यानंतरही डॉक्टर झाले. दम्याचा छुपा खोकला असेल म्हणून फवारा झाला. पोटातले आम्ल वर येत असेल म्हणून गोळ्या झाल्या. नाकातून घशात पाणी उतरत असेल म्हणून नाकात थेंब झाले. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, एनालाप्रिल किंवा रामिप्रिल या कुळातल्या गोळ्यांनी, कोरडा खोकला येतो. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे, पण गोळी मनाने बंद मात्र करू नये; डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. आईची गोळी बदलून झाली. सगळे रीतीप्रमाणे झाले. फरक पडला नाही. तेव्हा एका डॉक्टरांनी पेन बंद करीत म्हटले, "मावशी, आता ही सवय झालीय तुम्हाला. मन दुसरीकडे गुंतवा."

आई घरी आली आणि काही बोलली नाही. मात्र त्या दिवसापासून ती पदरात तोंड खुपसून खोकू लागली. आजार असता तर तिने तो उघड्यावर सोसला असता. सवय म्हटल्यावर तिला लाज वाटू लागली.

पुढच्या वर्ष-दोन वर्षांत आईने एकेक गोष्ट सोडली. आधी मंगळवारचे भजनी मंडळ सोडले. मग शहाद्याला मामाकडे जाणे सोडले. एसटीने तासा-दीड तासाची वाट, पण म्हणे नको. पुढे लग्नकार्येही सोडली. आम्ही म्हटले, वय झाले. कोरोनाच्या काळात तर खोकणारा माणूस म्हणजे चालताबोलता गुन्हाच ठरला होता. ती आठवण तिच्या मनात राहिली असेल, असेही आम्ही आपसांत बोललो. वय आणि कोरोना या दोन शब्दांत अलीकडे काय काय बसवता येते!

खरे कारण एका रात्री सौ.ने मला सांगितले. दिवा मालवल्यावर, भिंतीकडे तोंड करून सांगितले. ढास लागली की आईला लघवी आवरत नसे. भजनात, एसटीत, मांडवात, चारचौघांत. दोन लुगडी पिशवीत घेऊन जायचे आणि जागा मिळेल तिथे बदलायचे, असे तिने वर्षभर केले. मग जाणेच बंद केले. मुलाला हे कसे सांगणार? सुनेला सांगायलाही तिला तीन वर्षे लागली. "आणि तुम्ही पाहुण्यांना घराचा पत्ता काय सांगता हो?" सौ. म्हणाली. मला उत्तर सुचले नाही.

पुढच्याच आठवड्यात आईला घेऊन सुरतेला गेलो. नंदुरबारच्या माणसाला मुंबई-पुण्यापेक्षा सुरत जवळची; गाडीत बसले की नवापूर ओलांडून गुजरात लागतो. डब्यात आईला ढास लागली आणि समोरच्या बाकावरच्या कुटुंबाने आपले मूल उचलून खिडकीकडे सरकवले. त्यांचे काही चुकले नाही. आईने मात्र पिशवी छातीशी घट्ट धरली. त्या पिशवीत काय आहे हे आता मला ठाऊक होते.

तिथल्या छातीच्या डॉक्टरांनी सगळे जुने कागद पाहिले आणि एक विलक्षण प्रश्न विचारला: "मावशी, कानात काडी घातली की ठसका लागतो का?" आई चकित झाली. लागत होता, कित्येक वर्षे! डॉक्टरांनी सांगितले, की मेंदूच्या बुडापासून निघणारी एक लांब मज्जा घसा, स्वरयंत्र, फुप्फुसे आणि जठर यांची विचारपूस करीत खाली उतरते. व्हेगस हे तिचे नाव. तिचा एक बारीक फाटा कानात जातो. ही मज्जाच हळवी झाली, की कुठूनही हटकले तरी ती खोकल्याचीच हाक देते. गार वारा, उदबत्ती, मोठ्याने हसणे, फोनवर जरा जास्त बोलणे, काहीही निमित्त पुरते. आठ आठवड्यांहून जुना आणि सगळे उपचार करूनही न हटणारा असा खोकला जगभर आहे. २०१४ साली अनेक देशांतल्या अकरा खोकला-चिकित्सालयांतल्या दहा हजारांवर रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांत दोन तृतीयांश बायका होत्या आणि सर्वांत अधिक गर्दी साठ ते सत्तर या वयाची. म्हणजे आमची आई त्या पाहणीच्या अगदी मधोमध बसत होती!

"सवय नाही ही," डॉक्टर म्हणाले. "खोकला खरा आहे. छाती चांगली आहे, मज्जा चिडलेली आहे."

आईने पदर डोळ्यांना लावला. ढास लागली म्हणून नव्हे.

परत आल्यावर मी आमच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांना गाठले. भला गृहस्थ, शास्त्र विचारले की चहा विसरतो. त्यांनी मला प्रयोगशाळेत नेले नाही, स्कूटरवर बसवून गावाबाहेर मिरचीच्या पथारीवर नेले.

ज्यांनी नंदुरबारची पथारी पाहिली नाही त्यांना ती सांगून कळायची नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास शेतांतून ओली लाल मिरची बाजारात येते आणि व्यापारी ती मोकळ्या मैदानांवर वाळत घालतात. नजर जाईल तिथवर लाल. बायका ओळीने बसून देठ खुडत असतात, नाकातोंडावर फडके बांधलेले असते. वाऱ्याची दिशा फिरली की शेजारची वस्ती शिंकू-खोकू लागते. बाहेरगावाहून बदलून आलेला प्राध्यापक पहिल्या हंगामात वर्गात निम्मे व्याख्यान देतो आणि निम्मे खोकतो. आम्ही त्याला म्हणतो, "आता तुम्ही नंदुरबारचे झालात."

सहकारी म्हणाले, "सर, खोकल्याचं सगळं शास्त्र या मैदानात पसरलंय."

आणि ते खरे होते. मिरचीचा तिखटपणा म्हणजे कॅप्सेसिन. शास्त्रज्ञ १९८४ पासून माणसाला कॅप्सेसिनचा विरळ फवारा हुंगायला देऊन, किती मात्रेला किती वेळा खोकतो, यावरून मज्जेचा हळवेपणा मोजत आले आहेत. आमच्या पथारीवर जे फुकट घडते त्याचीच ही मोजूनमापून केलेली आवृत्ती! १९९७ साली कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस यांनी मज्जातंतूंच्या टोकावरची एक बारीक झडप शोधून काढली. कॅप्सेसिन लागले की ती उघडते, आणि भाजणारी उष्णता लागली तरी तीच उघडते. म्हणून तिखट 'जळते'. या शोधाबद्दल त्यांना २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मग वाटले, हीच झडप बंद केली की खोकला संपलाच! तसे औषध करून पाहिले. रोगी मिरचीच्या फवाऱ्याला पूर्वीपेक्षा कमी खोकू लागले, पण घरी जाऊन दिवसभर खोकायचे तितकेच खोकत राहिले. मिरचीचा ठसका आणि आईची ढास या दोन गोष्टी एक नव्हेत, हे शब्दकोशाने मला आधीच सांगितले होते. शास्त्राला ते कळायला २०१४ साल उजाडले.

खरी किल्ली दुसरीकडेच होती, आणि तिची कथा मला फार आवडली. एटीपी हे नाव अकरावीच्या शास्त्राच्या मुलाला विचारा. तो सांगेल, पेशीतले इंधन. जॉफ्री बर्नस्टॉक नावाच्या शास्त्रज्ञाने १९७२ साली म्हटले, की हे नुसते इंधन नाही, हा निरोप्याही आहे. पेशीबाहेर पडून तो मज्जांना बातमी देतो. लोक हसले. चुलीतले सरपण कुठे टपाल वाटते का? पुष्कळ वर्षे त्यांची चेष्टा होत राहिली. १९९५ साली हा निरोप ऐकणारा एक कान मज्जातंतूंवर सापडला. 'पी-टू-एक्स-थ्री' असे त्याचे रुक्ष नाव. श्वासनलिकेच्या अस्तराला काही खुपले, की तिथल्या पेशी एटीपी बाहेर टाकतात. हा कान ते ऐकतो आणि व्हेगस मेंदूला कळवते, की खोका! २०२० साली बर्नस्टॉक वारले तेव्हा त्यांना हसणारे कुणी उरले नव्हते.

आता नव्या आणि जुन्या औषधांतला फरक पाहा. जुनी औषधे मेंदूला गुंगवतात. अफूतून कोडीन १८३२ साली वेगळे काढले गेले. १८९८ साली बायर कंपनीने खोकल्यावरचे औषध म्हणून जे बाजारात आणले त्याचे नाव हेरॉइन होते, हे आज सांगूनही खरे वाटत नाही. दारावरची घंटा कुणी द्वाड पोर सारखी वाजवते आहे म्हणून घरधन्यालाच झोपेचे औषध पाजावे, तसा हा उपाय! नवे औषध घरधन्याला हात लावत नाही. ते घंटेची तार सैल करते.

या नव्या जातीतले पहिले औषध गेफापिक्संट. २०१५ साली त्याची छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. रोगी अवघे चोवीस. त्यांच्या अंगावर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र बांधून दिवसभराचे खोकले मोजले. मात्रा जबर होती, पण खोकला औषध नसलेल्या काळाच्या मानाने पाऊण भागाने उतरला! सहा वर्षे ढास काढलेल्या माणसाच्या घरी हे वाक्य वाचले की काय वाटते ते कसे सांगू? मी ते सहकाऱ्यांकडून दोनदा वाचून घेतले.

मग त्यांनी पुढचे वाक्य वाचले. औषध घेणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाची चव बिघडली होती. कुणाला सगळे कडू लागे, कुणाला तोंडात लोखंड धरल्यासारखे वाटे. सहा जणांनी चवीपायी औषध सोडले. कारण असे, की जिभेवरची चवही मेंदूपर्यंत एटीपीच्याच निरोपाने जाते. घशातला आणि जिभेवरचा कान सख्खे भाऊ. एकाच्या तोंडावर हात ठेवला की दुसराही गप्प!

पुढे मात्रा कमी करून मोठ्या चाचण्या झाल्या. दोन हजारांवर रोगी त्यांत होते. त्यांचे निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाले. नुसत्या खोट्या गोळीच्या मानाने खोकला शेकडा पंधरा ते अठरा इतकाच अधिक कमी झाला, आणि दहांतल्या सहा-सात जणांच्या चवीवर परिणाम झाला. औषध थांबवल्यावर ती बहुतेकांची परत आली. जपानने २०२२ च्या जानेवारीत मान्यता दिली, युरोपने २०२३ साली दिली. अमेरिकेच्या औषध खात्याने मात्र दोनदा नाकारले. २०२३ च्या नोव्हेंबरात तिथल्या तज्ज्ञांच्या समितीत बारा जणांनी, रोग्याला जाणवेल असा फायदा दिसत नाही, असे मत दिले. एकट्याने उलटे दिले. एकाच गोळीबद्दल देशोदेशी वेगळे विचार!

या आकड्यांतल्या एका गोष्टीपाशी मात्र मी अडकून राहिलो. ज्यांना खोटी गोळी दिली होती त्यांचाही खोकला निम्म्याने, किंबहुना निम्म्याहून अधिक, कमी झाला होता. शास्त्रज्ञ याची अनेक कारणे देतात आणि ती बरोबर असतील. माझ्या मनात एकच येते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्या बायकांच्या अंगावर यंत्र बांधून त्यांचा खोकला नीट ऐकत होते, एकेक मोजत होते. आमच्या घरात पाच माणसे होती. एकानेही मोजला नव्हता.

त्या औषधाची धाकटी भावंडेही वाटेवर आहेत. कॅमलिपिक्संट हे त्यांतले एक. ते घशातल्या कानाला नेमके गाठते आणि जिभेवरच्या भावाला फारसे छेडत नाही. मधल्या टप्प्याच्या चाचणीत खोकला खोट्या गोळीपेक्षा एक तृतीयांशाने उतरला आणि चवीची तक्रार शंभरांत सहा-सात जणांपलीकडे गेली नाही. त्यानंतर मोठ्या चाचण्या हाती घेण्यात आल्या. फुप्फुसे कडक होत जाण्याच्या रोगातल्या खोकल्यासाठी नाल्बुफीन हे वेगळ्या वाटेने जाणारे औषध आहे. २०२५ साली जाहीर झालेल्या चाचणीत त्याने खोकला लक्षणीय कमी केला. म्हणजे जो खोकला काल 'सवय' होता त्याच्यासाठी आज जगात इतकी माणसे रात्री जागत आहेत!

त्या रात्री जेवणानंतर मी हे सगळे आईला सांगितले. खोलीत अंथरुणावर बसून तिने ऐकले. बर्नस्टॉकला लोक हसले हे ऐकून ती म्हणाली, "बिचारा!" औषधाने खोकला जाईल पण तोंडाची चवही जाईल, असे सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मला वाटले, पिशवीतल्या दोन लुगड्यांचा विचार करीत असेल. मग ती माहेरच्या अहिराणीत म्हणाली, "ठेचा तिखट लागस का नही, ते इचार आधी."

आम्ही सगळे हसलो. आईही हसली, आणि हसल्यामुळे तिला ढास लागली. ती ओसरेपर्यंत आम्ही थांबलो. पूर्वी आम्ही थांबत नसू. बोलणे तसेच पुढे चालवत असू.

नंतर मला वाटले, तिचा प्रश्न विनोदाचा नव्हता. भाकरी आणि ठेचा हे तिच्या जिभेवरचे माहेर. एका बाजूला चारचौघांत जाण्याची सोय, दुसऱ्या बाजूला ही चव. तराजू तिच्याच हातात हवा. अमेरिकेतल्या बारा माणसांना नगण्य वाटलेला उतार एखाद्या बाईला शहाद्याची एसटी परत मिळवून देऊ शकेल. आणि दुसरी एखादी म्हणेल, मी खोकेन, पण कडू भाकरी खाणार नाही. दोघीही बरोबर. औषध किती गुणाचे हे शास्त्राने सांगावे. ते कितीला परवडते हे खोकणारीने सांगावे.

आमच्यापुरता हा प्रश्न तूर्त उद्भवला नाही, कारण आमच्या गावातल्या औषधाच्या दुकानात ही गोळी नाही. सुरतेच्या डॉक्टरांनी आईला दिले ते जुनेच औषध, नव्या कामावर लावलेले: गॅबापेंटिन. फिट्स आणि मज्जांच्या वेदना यांवर ते देतात. ऑस्ट्रेलियात २०१२ साली बासष्ट रोग्यांवर करून पाहिल्यावर हट्टी खोकल्यावरही ते उपयोगी पडते असे दिसले. पहिल्या आठवड्यात आईला झोप येई आणि उठताना भोवंडल्यासारखे होई. डॉक्टरांनी मात्रा उतरवून हळूहळू चढवली. (मात्रा मी मुद्दामच लिहीत नाही. मी मराठीचा अध्यापक आहे, आणि वाचकांनी माझ्याकडून घ्यायची झाली तर व्याकरणाची चूक घ्यावी, औषधाची नको.)

जोडीला घशाची शिकवणी झाली. हा उपायही ऑस्ट्रेलियात २००६ साली पारखला गेला आहे. वाणीदोषावर उपचार करणाऱ्या बाईंनी चार गोष्टी शिकवल्या: खवखव सुटली की लगेच खोकून मोकळे व्हायचे नाही, आवंढा गिळायचा, पाण्याचा घोट घ्यायचा, ओठ मिटून नाकाने सावकाश श्वास घ्यायचा. मज्जेला हळूहळू समजवायचे, की बाई, दर वेळी ओरडायला नको. जी अडचण सौ.ने मला अंधारात सांगितली, तिच्यासाठीही ओटीपोटाच्या स्नायूंचे साधे व्यायाम असतात, हे त्याच बाईंकडून कळले. तेही आई करते. इतकी वर्षे कुणी विचारले नाही म्हणून कुणी सांगितले नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही केली. कपाटातल्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्या काढून टाकल्या. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सातपुड्याच्याच मुलखात, छिंदवाडा जिल्ह्यात, खोकल्याच्या सिरपमध्ये निघालेल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषाने लहान मुले दगावली. ती बातमी वाचल्यावर, 'साधा खोकला तर आहे, दे एक चमचा' हे वाक्य आमच्या घरातून हद्दपार झाले. खोकलाही साधा नसतो आणि चमचाही.

आई बरी झाली का? झाली नाही. पूर्वी तासाला किती वेळा खोके ते मोजले नव्हते, त्यामुळे शेकडेवारी सांगता येत नाही. आता रात्री बहुधा सलग झोपते. उदबत्ती लावली की अजून ढास लागते, म्हणून देवाला नुसते निरांजन असते. देवाने तक्रार केलेली नाही. मंगळवारी ती भजनाला जाते. दाराजवळ बसते आणि पाण्याची बाटली जवळ ठेवते. टाळ वाजवते, गात मात्र नाही. गेल्या महिन्यात शहाद्याला जाऊन आली. पिशवी बरोबर होती. परत आल्यावर सौ.ने ती रिकामी केली आणि मला खुणेनेच सांगितले, की दोन्ही लुगडी घडी न मोडलेली होती.

दिवाळीसाठी धाकटी बहीण येणार आहे. तिचे यजमान आमच्या या नव्या घरी प्रथमच येत आहेत. परवा त्यांचा फोन आला, "घर कसं ओळखायचं?" जुने वाक्य जिभेच्या टोकाशी आले होते. आतल्या खोलीत आई करंज्यांचे सारण परतीत होती. खोबऱ्याचा खमंग वास येत होता.

मी त्यांना घराचा क्रमांक सांगितला.